नायगावचा बांध आणि आमचे हजेरीपुस्तक

इंदूर, देवास, धार या बाजूंच्या मराठी घराण्यांतून एक कुळाचार अद्यापि पाळला जातो. घरात लग्नकार्य झाले की नव्या जोडप्याला जेजुरीस नेऊन खंडेरायाच्या पायांवर घालायचे. खुद्द होळकरांचे कुलदैवत तेच. त्यामुळे माळव्यात येऊन चार-पाच पिढ्या लोटल्या, घरातली बोली निम्मी हिंदी झाली, तरी जेजुरीच्या पायऱ्या आणि भंडारा आमच्यापासून तुटलेला नाही. आमच्या कन्येच्या विवाहानंतर आम्हीही त्या निमित्ताने तिकडे गेलो. देवदर्शन, तळी भरणे, जागरण-गोंधळ सारे यथासांग झाले आणि परतीच्या गाडीला एक दिवस उरला. आमचे व्याही सासवडचे. त्यांनी विचारले, "आता काय पाहणार? पुरंदर किल्ला की नारायणपूर?"

आम्ही म्हणालो, "नायगाव पाहायचे आहे."

व्याहीबुवा क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहतच राहिले. "अहो मास्तर, नायगावात पाहण्यासारखे आहे तरी काय? माळरान आणि एक मातीचा बांध!"

"तोच बांध पाहायचा आहे," आम्ही म्हटले.

त्या बांधाची ओढ आम्हाला का होती, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच. ओघात धरणविद्येतील चार गोष्टी येतील आणि शेवटी आमच्या शाळेतील हजेरीपुस्तकही येईल. वाचकांनी थोडा धीर धरावा, ही विनंती.

पर्जन्यछायेतील पठार

पुरंदर तालुका म्हणजे सह्याद्रीच्या पाठीमागचे उंच पठार. पश्चिमेकडे घाटमाथ्यावर हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि तिथून पूर्वेकडे फार दूर जावे लागत नाही तोच तो पाचशे मिलिमीटरवर किंवा त्याहूनही खाली येतो. ढग डोक्यावरून जातात, पण थांबत नाहीत. याच तालुक्यातून कऱ्हा नदी वाहते. सासवडजवळच्या कोडीत गावी जन्मलेल्या आचार्य अत्र्यांनी आपल्या आत्मचरित्राला 'कऱ्हेचे पाणी' असे नाव दिले. हे नाव किती ममतेने दिले असेल, ते उन्हाळ्यात कऱ्हेचे कोरडे पात्र पाहिल्याशिवाय कळत नाही. अंजीर आणि सीताफळ यांसाठी हा मुलूख प्रसिद्ध आहे, कारण थोड्या पाण्यावर तग धरणारी ही झाडे आहेत. बाकी सारा बाजरी-ज्वारीचा कोरडवाहू मुलूख.

१९७२ साली या मुलखावर दुष्काळ कोसळला. तो महाराष्ट्रातील जुन्या माणसांच्या स्मृतीत आजही ठसठसतो आहे. विहिरी आटल्या, दावणी रिकाम्या झाल्या आणि लक्षावधी माणसे सरकारी दुष्काळी कामांवर दगड फोडू लागली. त्या अनुभवातूनच महाराष्ट्रातील रोजगार हमी योजना उभी राहिली. परंतु त्या वर्षी कामांवर फुटलेल्या खडीचे ढीग रस्त्याच्या कडेला नुसते पडून राहत. माणसाच्या पोटाला तेवढ्यापुरते मिळे, पण पुढच्या दुष्काळासाठी मागे काहीच उरत नसे.

हे दृश्य पाहून अस्वस्थ झालेल्यांत पुण्याचे एक अभियंते आणि कारखानदार होते, विलासराव साळुंखे. अचूक मापनाची उपकरणे बनविणे हा त्यांचा व्यवसाय. एवढे श्रम खर्ची पडत असतील तर ते माती अडविण्याकडे आणि पाणी जिरविण्याकडे का वळवू नयेत, असा साधा प्रश्न त्यांना पडला. प्रश्न विचारून ते थांबले नाहीत. नायगाव येथे देवस्थानाची ४० एकर उजाड, उतरती जमीन त्यांनी ५० वर्षांच्या कराराने घेतली आणि पत्नी कल्पनाताई यांच्यासह तेथे मुक्काम ठोकला. १९७४ साली 'ग्रामगौरव प्रतिष्ठान' या संस्थेच्या रूपाने या कामाला आकार आला. उतारावर समपातळीचे बांध घातले, गवत आणि झाडे लावली, खालच्या अंगाला मातीचा बांध घालून लहान तलाव केला, तलावाखाली विहीर खणली आणि विहिरीत पाझरून आलेले पाणी उपसून पुन्हा वरच्या शेतांना दिले. ज्या जमिनीत कुसळांशिवाय काही उगवत नव्हते, तेथे धान्य, भाजीपाला आणि फळझाडे दिसू लागली.

मातीचा बांध म्हणजे काय

'मातीचा बांध' म्हटले की मातीचा ढीग डोळ्यांसमोर येतो. पण मातीचा बांध हे अत्यंत विचारपूर्वक केलेले बांधकाम असते. विद्यार्थ्यांना समजावताना आम्ही त्याची तुलना आंब्याशी करतो. आत कोय, भोवती गर आणि बाहेर साल.

प्रथम पाया. बांधाच्या मध्यरेषेखाली कठीण मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खंदक खणतात आणि तो चिकण काळ्या मातीने भरतात, म्हणजे बांधाच्या खालून पाणी निसटत नाही. त्याच मातीचा गाभा पुढे वर चढवत नेतात. काळ्या मातीतून पाणी सहसा झिरपत नाही, हा तिचा गुण. पण ती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते, हा तिचा अवगुण. म्हणून तिला उघडे ठेवून चालत नाही. तिच्या दोन्ही अंगांना मुरमाचे जाड कवच देतात. माती एकदम ओतायची नसते. वीतभर थर पसरायचा, पाणी शिंपडायचे, रोलर फिरवून दाबायचा आणि मग दुसरा थर. पूर्वी बैलांकडून आणि धुमसांनी ही दबाई होत असे. दबाईत केलेली कुचराई वरून दिसत नाही. ती पहिल्या मोठ्या पावसात दिसते.

पाण्याकडची बाजू अधिक पसरट ठेवतात. साधारणपणे एक हात उंचीला तीन हात पसारा. तिच्यावर दगडांचे अस्तर बसवतात, म्हणजे लाटांनी माती धुपत नाही. मागच्या पायथ्याशी वाळू, खडी आणि दगड यांचा गाळणीसारखा थर देतात. बांधातून थोडे पाणी पाझरतेच. त्याला माती न नेता बाहेर पडण्याची वाट करून द्यावी लागते. जुने जाणते पाटकरी रोज पहाटे हा पायथा पाहून येत. पाझर नितळ असेल तर काळजी नाही. गढूळ झाला, तर समजावे की बांध आतून खाल्ला जात आहे. उंदीर-खेकड्यांची बिळे आणि झाडांची मुळे याच कारणाने बांधाला वैरी ठरतात.

सर्वांत महत्त्वाचा सांडवा. बांध मातीचा असला तर त्याच्या माथ्यावरून पाणी कदापि जाऊ देता येत नाही. दगडी धरणावरून पाणी ओसंडले तर ते एक वेळ उभे राहील, पण मातीचा बांध काही तासांत कापला जातो. म्हणून एका कडेला कठीण जमिनीत सांडवा खोदून जादा पाण्याला वाट देतात, आणि बांधाचा माथा सांडव्याच्या पातळीहून चांगला उंच ठेवतात.

पाटाचा तलाव आणि पाझर तलाव यांतला फरकही ध्यानात घ्यावा. पाटाच्या तलावाला मोरी असते. ती उघडली की पाटाने पाणी शेतांना जाते. पाझर तलावाला मोरी नसते. दख्खनचा काळा पाषाण वरून अभेद्य दिसला, तरी त्याच्या भेगांतून आणि कुजलेल्या मुरमाच्या थरांतून पाणी खाली उतरते आणि पुढच्या विहिरींना फुटते. फेब्रुवारीत पाझर तलाव कोरडा दिसला म्हणून तो निकामी झाला असे नव्हे. त्याचे पाणी सूर्याच्या हाती न लागता जमिनीच्या पोटात गेलेले असते.

याच पुरंदर तालुक्यात खानवडी हे महात्मा फुले यांच्या घराण्याचे गाव आहे. १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात जोतीरावांनी सरकारला सुचविले होते की, रिकाम्या बसलेल्या फौजेकडून आणि पोलिसांकडून जागोजाग लहान बंधारे आणि तळी बांधून घ्यावीत, म्हणजे पावसाचे पाणी शेतांत मुरेल. ती सूचना अमलात यायला जवळपास शतक जावे लागले.

पाणी कुणाचे?

बांध घालणे ही अर्धीच गोष्ट झाली. नायगावचे नाव गाजले ते बांधामुळे नव्हे. अडविलेले पाणी वाटायचे कसे, या प्रश्नाला तेथे जे उत्तर दिले गेले त्यामुळे. त्या व्यवस्थेला 'पाणी पंचायत' हे नाव मिळाले. तिचे नियम थोडे आहेत.

योजना एकट्यादुकट्याची नसावी, शेतकऱ्यांच्या गटाची असावी. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात द्यावे. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नसावा. जमीन विकली तरी पाणी तिच्याबरोबर विकले जाऊ नये. उसासारखी फार पाणी पिणारी पिके घेऊ नयेत. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः उचलावा. आणि शेवटचा नियम असा की, ज्यांना जमीन नाही त्यांनाही पाण्यात वाटा असावा.

हा शेवटचा नियम वाचून अनेकांना हसू येते. ज्याला शेत नाही तो पाणी घेऊन काय करणार? उत्तर असे की, तो दुसऱ्याचे शेत वाट्याने करू शकेल आणि आपल्या हिश्श्याचे पाणी घेऊन त्या शेतकऱ्याशी बरोबरीने बोलू शकेल. पाऊस कुणाच्या सातबाऱ्यावर लिहून पडत नाही. डोंगरावर पडतो तो साऱ्या गावावर पडतो. मग बांध घातल्याबरोबर तो फक्त बांधाखालच्या जमीनदाराचा कसा होतो?

या व्यवस्थेचे पुढे काय झाले, तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अनेक गावांत अशा योजना उभ्या राहिल्या. त्यांतील काही टिकल्या, काही विजेच्या खर्चाने, आपसातील भांडणांनी किंवा आटलेल्या पाण्याने बंद पडल्या. विलासराव २००२ साली वारले. त्यांच्यामागे कल्पनाताईंनी आणि सहकाऱ्यांनी काम पुढे नेले. सगळीकडे फळले नाही म्हणून बियाणे खोटे ठरत नाही, असे आम्हाला वाटते.

आमच्या माळव्यात

माळवा म्हणजे पावलोपावली पाणी, अशी आमच्या प्रांताची ख्याती. आता ती म्हणण्यापुरतीच उरली आहे. इंदूर शहर १९७८ पासून नर्मदेचे पाणी उपसून पीत आहे. गावोगावी नलकूप खोल खोल चालले आहेत. देवास जिल्ह्यात २००६ पासून शेतकऱ्यांनी आपापल्या शेतांत हजारो तळी खोदली आणि त्यांतून रब्बीची पिके उभी केली. ही गोष्ट निःसंशय अभिमानाची आहे. मात्र शेततळे ज्याचे शेत त्याचेच असते. बिनशेतीचा माणूस त्याच्या काठावर उभा असतो.

आणि बांधकामातील हलगर्जीपणा किती महाग पडतो, तेही आम्ही जवळून पाहिले आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटून पुण्यात हाहाकार उडाला, हे वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील लहान धरण फुटले आणि भेंदवाडीतील वीसच्या आसपास माणसे झोपेत वाहून गेली, हे वर्तमानपत्रांतून वाचलेले. पण ऑगस्ट २०२२ मध्ये आमच्याच धार जिल्ह्यात, धरमपुरी तहसिलीत, कारम नदीवर बांधले जात असलेले मातीचे धरण पाझरू लागले तेव्हा धास्ती आमच्या उंबऱ्याशी आली. धार आणि खरगोन या जिल्ह्यांतील १८ गावे रिकामी करावी लागली. यंत्रांनी बाजूचा डोंगर कापून पाण्याला वाट काढून दिली आणि १४ ऑगस्टला पाणी उतरले. कुणाचा जीव गेला नाही, ही देवाची कृपा. आमच्या एका सहशिक्षकाचे वृद्ध आईवडील त्या तीन रात्री उंचावरच्या एका शाळेच्या वर्गात बसून होते. म्हातारीने घरातून फक्त देव आणि बियाण्याची पिशवी एवढेच उचलून आणले होते.

हजेरीपुस्तकातील दुष्काळ

आता हजेरीपुस्तकाकडे वळतो.

विंध्याच्या कडेवरील ज्या गावी आम्ही अकरा वर्षे मुख्याध्यापक होतो, तेथेही एक लहान मातीचा तलाव आहे. कोण्या जुन्या दुष्काळी कामात बांधलेला. मोरीजवळची शेते भिजत, पाटाच्या टोकाची कोरडी राहत, आणि टेकडीच्या पोटाशी असलेल्या भिल्ल वस्तीला जमीन नाहीच, म्हणून पाणीही नाही. दिवाळी झाली की त्या वस्तीतील कुटुंबे मजुरीसाठी गुजरातकडे निघत. आमच्या हजेरीपुस्तकात कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत एकेका नावापुढे गैरहजेरीच्या खुणांची रांग लागे. नियमाप्रमाणे पुढे ते नाव कमी करायचे आणि कारणाच्या रकान्यात 'पालकांचे स्थलांतर' असे लिहायचे. ही नोंद आम्ही शेकडो वेळा केली असेल. अक्षर आमचे वळणदार आहे. तपासणीला आलेले अधिकारी त्या रजिस्टराची स्तुती करीत.

सहावीतील एक मुलगी भूगोलात फार हुशार होती. तलावाच्या सहलीत सांडवा का हवा, हे तिने वर्गात सर्वांआधी सांगितले होते. त्या वर्षीही दिवाळीनंतर तिची जागा रिकामी झाली. होळीला ती परत आली तेव्हा तिच्या कडेवर धाकटा भाऊ होता. ती म्हणाली, "सर, माझे नाव आहे ना अजून?" नाव आम्हीच कमी केले होते. त्या दिवशी ते पुन्हा लिहिले, पण परीक्षा तिला देता आली नाही, आणि पुढच्या वर्षी ती शाळेत आलीच नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी तलाव गाळाने भरला म्हणून ग्रामसभा भरली. गाळ काढण्यासाठी श्रमदान करावे असे ठरू लागले. वस्तीतील एक वयस्क गृहस्थ उठून शांतपणे म्हणाले, "माती आम्ही उचलायची, आणि पाणी तुमच्या शेतात जायचे. मग आमच्या पाट्या कशासाठी?" सभेत शांतता पसरली. आम्ही शासकीय नोकर, आमचे काम मुलांपुरते. तरीही उठून आम्ही नायगावची हकिकत सांगितली. माणशी पाण्याची गोष्ट काढताच मोरीजवळचे शेतकरी हसले. "मास्तरसाहेब, हे पुस्तकात ठीक आहे," एक जण म्हणाला. पाणी माणशी वाटले गेले नाही, हे येथेच कबूल केले पाहिजे.

पण तास-दीड तासाच्या वादावादीनंतर दोन गोष्टी ठरल्या. पाणी ओसरल्यावर तलावाच्या पोटात जी ओलसर जमीन उघडी पडते, ती गाळपेरीसाठी वस्तीतील कुटुंबांना दरसाल द्यायची. आणि तलावातील मासेमारीही त्यांचीच. त्या वर्षी गाळ निघाला. माती वाहणाऱ्यांत शेतकरीही होते, वस्तीतील माणसेही होती, आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या वरच्या वर्गातील मुलेही होती. हिवाळ्यात तलावाच्या पोटात हरभरा आणि काकडी-टरबुजाच्या वेली दिसू लागल्या. सारी वस्ती थांबली असे नाही. बहुतेक कुटुंबे गेलीच. पाच कुटुंबे राहिली. त्यांच्या घरची नऊ मुले. त्या नऊ नावांपुढे पौष-माघातही हजेरीच्या खुणा पडल्या.

नायगावच्या काठावर

हे सारे डोक्यात घेऊन आम्ही नायगावला गेलो होतो. उतारावर झाडे होती, समपातळीचे जुने बांध गवताने झाकून गेले होते, आणि खाली तो मातीचा बांध. मुद्दाम दाखविले नाही तर नजरेतही भरू नये इतका साधा. आमच्या जावईबापूंनी फोटो काढायला हात उचलला आणि विचारले, "यात कोणती बाजू घेऊ?" कोणतीच बाजू शोभिवंत नव्हती. व्याहीबुवा मात्र बराच वेळ गप्प होते. परत फिरताना म्हणाले, "इतकी वर्षे शेजारच्या गावात राहून मी इथे आलो नाही. तुम्ही इंदुराहून आलात."

आम्ही म्हटले, "आमच्याकडे यायचे कारण होते."

सेवानिवृत्तीला आता थोडीच वर्षे उरली आहेत. बदली होऊन आम्ही दुसऱ्या गावी आलो आहोत, पण जुन्या गावाहून गेल्या माघात निरोप आला की, गाळपेर अजून चालू आहे आणि यंदा सात कुटुंबे थांबली आहेत. नव्या मुख्याध्यापकांना आम्ही उलट निरोप पाठविला. पहिला, होळीपर्यंत कुणाचेही नाव कमी करू नये. आणि दुसरा, पावसाळ्यात मुलांना घेऊन बांधाच्या मागच्या पायथ्याशी जात जावे आणि पाझर नितळ आहे ना, ते पाहत जावे.